दोन रुपयांच्या डावात पैसा जातो कुठं? ऑनलाइन पोकर-रमीचा हिशेब समजून घ्या

पाचोड (ता. पैठण) : तिर्रट, झन्ना-मन्नाच्या अड्ड्यावर पोलिसांचा छापा, ही बातमी मराठवाड्याला नवी नाही. झाडाखाली नाहीतर शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये डाव बसायचा, एक जण रस्त्यावर नजर ठेवायचा आणि अड्डेवाला प्रत्येक डावातून आपली 'नाल' काढून घ्यायचा. मागच्या काही वर्षांत हाच डाव मोबाइलमध्ये आला. इथं छापा पडायची भीती वाटत नाही, शेजारी बसलेल्यालाही काही कळत नाही. त्यात पण फक्त एक-दोन रुपयांचा. 'एवढ्याशा पैशानं काय बिघडतंय' असं म्हणत कुणी रमी खेळतं, कुणी तीन पत्ती, तर कुणी पोकर.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि देशातल्या मोठ्या कंपन्यांनी असे खेळ थांबवले. पण गोष्ट तिथंच संपली नाही. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरून परदेशी आणि बनावट ॲपच्या लिंक फिरतात. 'कमी पैशात खेळा, रोज कमवा' हेच आमिष त्यातही असतं. म्हणून छोट्या पणाचा हा खेळ चालतो कसा, पैसा जातो कुठं आणि आज कायदा काय म्हणतो, हे समजून घेणं गरजेचं आहे.

पोकर म्हणजे काय?

तीन पत्ती माहीत असलेल्याला पोकर समजायला वेळ लागत नाही. सगळ्यात जास्त खेळल्या जाणाऱ्या प्रकारात प्रत्येकाला दोन बंद पत्ते मिळतात आणि मध्ये पाच पत्ते टप्प्याटप्प्यानं उघडे मांडले जातात. आपले दोन आणि मधले पाच, अशा सात पत्त्यांतून पाच पत्त्यांचा सगळ्यात भारी जोड ज्याचा होईल, तो डाव जिंकतो. दरम्यान चार वेळा पैसे लावायची संधी येते. पत्ते हलके वाटले तर टाकून बाहेर पडता येतं. पत्ते हलके असतानाही मोठी रक्कम लावून समोरच्याला घाबरवता येतं.

'एक-दोनचं टेबल' म्हणजे डाव सुरू होताना एकाला एक रुपया आणि दुसऱ्याला दोन रुपये सक्तीनं टाकावे लागतात. पहिली गफलत इथंच होते. दोन रुपये ही फक्त सुरुवात असते. अशा टेबलावर बसताना साधारण 200 रुपये घेऊन बसतात, आणि डावात कुणीही कधीही समोरची सगळी रक्कम लावू शकतो. म्हणजे नाव दोन रुपयांचं, पण एका डावात, एका मिनिटात 200 रुपये जाऊ शकतात. ते गेले की स्क्रीनवर पुन्हा पैसे भरायचं बटण येतं.

चांगले पत्ते येऊनही माणूस हरतो कसा?

52 पत्त्यांच्या कॅटमधून सुरुवातीलाच दोन एक्के हातात पडणं, ही पोकरमधली सगळ्यात भारी सुरुवात. ती सरासरी 221 डावांत एकदा मिळते. समोरच्याकडे दुसरी एखादी जोडी असेल आणि दोघांनी सगळे पैसे लावले, तर एक्केवाला शंभरातून साधारण 80 वेळा जिंकतो. म्हणजे सगळ्यात भारी पत्ते असूनही तो 20 वेळा हरतो. त्यात त्याची चूक काहीच नसते.

आता अशी वेळ पाचदा आली असं धरा. पाचही वेळा जिंकण्याची शक्यता शंभरात साधारण 33 आहे. बाकीच्या 67 वेळा निदान एकदा तरी सगळी रक्कम हातची जाते. चांगलं खेळूनही आठवडाभर सलग तोटा होऊ शकतो, आणि अगदी वाईट खेळूनही चार दिवस सलग जिंकता येतं.

धोका आहे तो या दुसऱ्या गोष्टीत. नव्या माणसाला पहिल्या चार दिवसांत 500 रुपये मिळाले की 'आपल्याला खेळ जमतो' असं त्याला वाटू लागतं. खरं तर ते चार दिवस काहीच सांगत नाहीत. पोकरमध्ये कौशल्य लागतं हे खोटं नाही. मात्र ते कौशल्य पैशात दिसायला शे-दोनशे डाव पुरत नाहीत, हजारो डाव लागतात. तेवढे डाव होईपर्यंत बहुतेकांच्या खिशात काही उरत नाही. समोर कोण बसलंय हेही दिसत नाही. तो तुमच्यासारखाच हौशी आहे की एकाच वेळी चार टेबलं खेळणारा मुरलेला खेळाडू, की माणसाच्या नावानं खेळणारा संगणक, हे ओळखायला मार्ग नसतो.

नाल: दिसत नाही, पण सुटत नाही

अड्डेवाला नाल घेतो, तशीच ॲपवालाही घेतो. साधारण पद्धत अशी, की डावात मध्ये जमलेल्या रकमेतून पाच टक्क्यांच्या आसपास रक्कम कंपनी आधी काढून घेते आणि उरलेली जिंकणाऱ्याला देते. रमीतही काही टक्के असेच कापले जातात. शंभरात पाच म्हणजे फार नाहीत, असं वाटतं. पण ते पुन्हा पुन्हा कापले जातात, हे लक्षात येत नाही.

पाचोडच्या मोसंबी बाजारातलं उदाहरण घ्या. माल एकदा विकला की अडत एकदाच कापली जाते. आता समजा, सहा व्यापाऱ्यांनी तीच एक क्विंटल मोसंबी आपसातच फिरवून तासाला साठ वेळा विकली, आणि प्रत्येक वेळी अडत कापली गेली. संध्याकाळपर्यंत मोसंबी कुणाकडेही असो, पैसा अडत्याकडेच गेलेला असेल. ऑनलाइन टेबलावर नेमकं हेच घडतं.

आकड्यांत पाहू. समजा, एक-दोनच्या टेबलावर सहा जण प्रत्येकी 200 रुपये घेऊन बसले. टेबलावर एकूण 1,200 रुपये आहेत. मोबाइलवर पत्ते पिसायला वेळ लागत नाही, त्यामुळे तासाला 60 डाव सहज होतात. प्रत्येक डावात मध्ये सरासरी 30 रुपये जमले, तर पाच टक्क्यांनी दीड रुपया कापला जाईल. तासाला झाले 90 रुपये. पाच तासांत 450 रुपये. म्हणजे सहा जणांनी आणलेल्या पैशांपैकी एक तृतीयांशाहून जास्त रक्कम टेबलावरून उठून गेली. सहा जणांत कोण हरलं, कोण जिंकलं, ही पुढची गोष्ट.

सहाही जण सारख्याच ताकदीचे असतील तर प्रत्येकाचा वाटा तासाला 15 रुपये. रोज तीन तास खेळलं तर 45 रुपये, महिन्याला 1,350 आणि वर्षाला 16,200 रुपये. पीएम किसानचे वर्षाला 6,000 आणि नमो शेतकरी महासन्मान योजनेचे 6,000, असे दोन्ही मिळून शेतकऱ्याच्या खात्यावर 12,000 रुपये येतात. दोन रुपयांच्या टेबलाची नुसती नाल त्याच्याही पुढं जाते. यात वाईट खेळ, रागात लावलेला पैसा किंवा मोठ्या टेबलावर मारलेली उडी धरलेलीच नाही.

वरून कर

बंदीच्या आधी देशी ॲपवर कराचाही मोठा भार होता. 1 ऑक्टोबर 2023 पासून खात्यात भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला. कर धरून 200 रुपये भरले, तर त्यातले 43 रुपये 75 पैसे कर आणि खेळायला उरले 156 रुपये 25 पैसे. हा कर काही कंपन्या बोनस म्हणून परत दाखवत. पण बोनसचा पैसा थेट काढता येत नसे, तो खेळावाच लागे.

जिंकलेल्या पैशावर वेगळा कर होता. 1 एप्रिल 2023 पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेतून 30 टक्के कापूनच बाकीचे पैसे मिळत. वर्षभरात 5,000 रुपये जिंकले तर 1,500 गेले. 'माझं उत्पन्न करपात्र नाही, मला कसला टॅक्स' असं म्हणून ही कपात टळत नसे. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, पण इथं दर सगळ्यांना सारखाच. उलट कुणी 50,000 हरला, तर तो तोटा इतर कुठल्याही उत्पन्नातून वजा करता येत नव्हता. जिंकलं तर सरकारचा वाटा, हरलं तर सगळं आपलं एकट्याचं, असा तो हिशेब होता.

मग माणूस थांबत का नाही?

रोज ठरलेला पगार मिळतो, त्याची मनाला सवय होते. कधी मिळेल, कधी मिळणार नाही, अशा मिळकतीची मात्र चटक लागते. पुढच्या डावात येईल, त्याच्या पुढच्यात नक्की येईल, असं वाटत राहतं. थोडक्यात हुकलेला डाव हरलेल्या डावासारखा वाटत नाही, 'जवळजवळ जिंकलोच होतो' असा वाटतो.

दुसरी गोष्ट गेलेल्या पैशाची. जिंकल्याच्या आनंदापेक्षा हरल्याचं दुःख मोठं असतं. म्हणून 300 रुपये गेलेला माणूस उठायच्या ऐवजी 'निदान मुद्दल तरी काढू' म्हणत मोठ्या टेबलावर जातो. दोन रुपयांचं टेबल दहाचं होतं, दहाचं पन्नासचं होतं. छोट्या पणानं सुरू झालेला खेळ छोटा राहत नाही, त्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

तिसरी गोष्ट गावगप्पांची. टपरीवर 2,000 जिंकल्याचा स्क्रीनशॉट दाखवला जातो. 20,000 गेल्याचा कुणी दाखवत नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं, सगळेच कमावतायत.

हा नुसता 'नाद' म्हणून सोडून द्यायचा विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या यादीत जुगाराच्या विकाराची नोंद केली आहे आणि त्यात मुख्यतः ऑनलाइन खेळला जाणारा जुगार हा वेगळा प्रकारही दिला आहे. म्हणजे त्यावर उपचार होऊ शकतात.

कायदा काय सांगतो?

रमी आणि पोकर 'कौशल्याचे खेळ' आहेत, असं कंपन्या वर्षानुवर्षं सांगत आल्या. त्याला आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्या 1967 च्या निकालाचा. रमीत मुख्यतः कौशल्य लागतं, असं त्यात म्हटलं होतं. मात्र क्लबचा किंवा घराचा मालक पैसे लावलेल्या खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा ठरू शकतो, असंही त्याच निकालात आहे. जाहिरातीत पहिलं वाक्य आलं, दुसरं आलं नाही. पोकरबाबत तर न्यायालयांची मतंही सारखी नव्हती. गुजरात उच्च न्यायालयानं 2017 मध्ये पोकरला कौशल्याचा खेळ मानायला नकार दिला होता.

महाराष्ट्रात हा विषय पेटला तो जुलै 2025 मध्ये. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेच्या सभागृहातला मोबाइलवरच्या पत्त्यांच्या खेळाचा व्हिडिओ समोर आला. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेला खेळ बंद करत होतो, असा खुलासा त्यांनी केला. जुलैअखेर कृषी खातं त्यांच्याकडून गेलं आणि क्रीडा खातं आलं.

पुढच्याच महिन्यात केंद्राचा 'ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा, 2025' मंजूर झाला. 20 ऑगस्टला लोकसभा, 21 ऑगस्टला राज्यसभा आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी, असा तो तीन दिवसांत झाला. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

- पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो चालवायला बंदी आहे.
- असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
- जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.
- अशा खेळासाठी पैशाचे व्यवहार करून देणाऱ्यांवरही कारवाई होऊ शकते.
- नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. त्याच्याकडे फसवला गेलेला म्हणून पाहिलं आहे.

दरवर्षी सुमारे 45 कोटी लोक मिळून 20,000 कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज त्या वेळी सांगितला गेला. भागाकार केला तर माणशी सरासरी साडेचारशे रुपयेही येत नाहीत. थोड्या थोड्या पैशांतूनच एवढा मोठा डोंगर उभा राहतो. आणि सरासरीत दिसत नाही ती गोष्ट वेगळीच: कुणाचे शंभर जातात, तर कुणाचं अर्धा एकर.

या कायद्याला कंपन्यांनी न्यायालयात आव्हान दिलं. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतली ही प्रकरणं सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःकडे घेतली.

एक फरक लक्षात ठेवा. पारावर किंवा शेडमध्ये पैसे लावून पत्ते कुटणाऱ्याला 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. छाप्यात सापडणाऱ्यांवर त्याच कायद्याखाली गुन्हे दाखल होतात.

बंदीनंतर धोका कुठं आहे?

देशी कंपन्यांनी दुकान बंद केल्यावर मोकळी झालेली जागा परदेशी आणि बनावट ॲप घेऊ पाहतात. प्ले स्टोअरच्या बाहेरून, लिंक पाठवून ही ॲप टाकायला लावतात. पैसे कंपनीच्या नावानं जात नाहीत, कुणा अनोळखी माणसाच्या यूपीआयवर जातात. सुरुवातीला 200-300 रुपये खरंच परत मिळतात. मोठी रक्कम काढायची वेळ आली की 'आधी टॅक्स भरा', 'आधी व्हेरिफिकेशन फी भरा' सुरू होतं. शेवटी नंबर बंद.

अशा ठिकाणी बुडालेल्या पैशासाठी दाद मागणंही अवघड. करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार निरर्थक असतो, त्यामुळे पैजेत जिंकलेली रक्कम मिळावी म्हणून दावा चालत नाही.

तरुणांनी आणखी एका गोष्टीपासून लांब राहावं. 'तुझं बँक खातं आणि सिम दे, महिन्याला अमुक हजार देतो' असं सांगणारे लोक भेटतात. त्या खात्यातून जुगाराचा आणि फसवणुकीचा पैसा फिरतो. तपास सुरू झाला की पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. खातं गोठतं, आणि त्याच खात्यावर पीकविमा, अनुदान किंवा मोसंबीच्या पट्टीचे पैसे येणार असतील तर तेही अडकतात.

अडकला असाल तर काय कराल?

- फसवणूक झाली असेल तर उशीर न करता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे मध्येच रोखले जाण्याची शक्यता जास्त. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते.
- यूपीआयची नोंद, चॅट, फोन नंबर आणि ॲपचं नाव पुसून टाकू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा.
- जुन्या देशी ॲपमध्ये रक्कम शिल्लक असेल तर ती त्याच कंपनीच्या मूळ ॲपमधून काढा. 'पैसे काढून देतो' म्हणत फोन करणाऱ्याला ओटीपी देऊ नका.
- खेळासाठी झटपट कर्ज देणाऱ्या ॲपकडून पैसे घेऊ नका. एक खड्डा बुजवायला दुसरा मोठा खड्डा खणल्यासारखं होतं.
- बँकेत किंवा यूपीआय ॲपमध्ये रोजच्या व्यवहाराची मर्यादा कमी करून घ्या. हंगामाचा पैसा मोबाइलला न जोडलेल्या खात्यात ठेवा.
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा. खेळात गेलेले आणि आलेले पैसे वहीत दोन रकान्यांत लिहा. आठवणीतला हिशेब खोटा असतो, बँकेचा नाही.
- खेळ सुटत नसेल, झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर 14416 या टेलिमानस हेल्पलाइनवर बोला. ती मोफत आहे, 24 तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे.

घरच्यांसाठीही एक गोष्ट. रात्री उशिरापर्यंत पांघरुणात मोबाइल, मित्रांकडून वारंवार हातउसने, खतासाठी ठेवलेला पैसा गायब, विचारलं की चिडचिड, ही लक्षणं दिसली तर चारचौघांत वाभाडे काढू नका. लाजेपोटी माणूस कर्ज लपवतो, आणि लपवलेलं कर्ज वाढतच जातं. आधी एकूण देणं किती आहे ते कागदावर येऊ द्या, घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घ्या, मग ते फेडायचं कसं हे ठरवा. 10,000 वर कळलं तर घर सावरतं. चार लाखांवर कळलं तर जमिनीचा विषय निघतो.

शेतकरी तसाही दरवर्षी पाऊस आणि भावाशी खेळतच असतो. पण तिथं हंगाम वाया गेला तरी बाग उभी राहते, रान हातात राहतं, पुढच्या बहाराची आशा असते. मोबाइलवरच्या टेबलावर रात्रभर बसून उठणाऱ्याच्या हातात यातलं काहीच उरत नाही. पण दोन रुपयांचा असो की दोन हजारांचा, आधी नाल कापली जाते आणि मगच जिंकणारा ठरतो.